उजव्या कानाला सांगितलेलं

चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून मी एकदा दुसऱ्यांची बंद पाकिटं उघडली आहेत. अडतीस होती. त्यांतलं एकच आज सांगण्यासारखं आहे. ही गोष्ट कुणाला ऐकू जाईल अशी मी आजवर सांगितलेली नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आणि ज्या भाषणांत मी ‘स्वतःशी प्रामाणिक राहा’ असं लोकांना सांगत हिंडतो, त्या भाषणांत तर मुळीच नाही. आता चोपन्न संपत आलं. माझं न बोलणं इतकं जुनं झालंय की घरात तो माझा स्वभावच धरून चालतात. स्वभाव नाही तो. मुरलेली भीती आहे.

दरवर्षी दसरा झाला की दौलताबादकडच्या बाया सीताफळाच्या पाट्या घेऊन शहरात उतरतात. जालना रोडच्या कडेला पोतं अंथरून, खाली सीताफळाचाच पाला घालून, फळांचे वाटे लावतात. दुपारचं ऊन पावसाळा विसरलेलं असतं आणि थंडी त्याला अजून आठवलेली नसते. अंगाला चिकटणारं, पांढरं ऊन. त्या उन्हात फळाच्या खवल्यांमधल्या फटी पांढुरक्या झाल्या की ‘डोळे उघडले’ म्हणतात. असं फळ घरी नेऊन तांदळाच्या डब्यात ठेवायचं, दोन दिवसांनी बोट लावावं तर रुततं. बायको पिशवी ओट्यावर ठेवते आणि म्हणते, “अहो, यंदा गोड आहेत. तोंड का असं केलं?” मी म्हणतो, “उन्हानं.” सव्वीस-सत्तावीस वर्षं मी ऊन पुढं करतोय.

तेव्हा मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पर्सोनेल विभागात कारकून होतो. कामगार त्या विभागाला ‘पर्सनल’ म्हणायचे, आणि खिडकीत बसणाऱ्या मलाही. “ओ पर्सनल, माझी रजा चढवली का?” मी स्वतः प्रोबेशनवर. कारखान्याचा जीव म्हणजे प्रेस शॉप. पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं मोठाल्या प्रेस, वरून घण खाली यायचा, पत्रा कापला जायचा, आणि तो आवाज कानातून न येता पायातून चढायचा. आत कुणी बोलत नसे. बोलून उपयोगच नव्हता. तिथली एक हातांची भाषा होती. अंगठा खालच्या ओठाला लावला की चहा. मनगटावर दोन बोटं आपटली की सुट्टी किती वाजता. कानाची पाळी ओढली की फोरमन येतोय. मी फाइल घेऊन आत शिरलो की चार जण एकदम पाळ्या ओढायचे, आणि मला त्याचा अर्थ कळत नाही अशा समजुतीत हसायचे. मला कळायचा. मी तेही कधी बोललो नाही.

त्या वर्षी आमच्या मोठ्या साहेबांनी कुठंतरी व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर केलं आणि ते भारावून आले. माणूस आतून घडला की उत्पादन आपोआप वाढतं, असं ते सांगायला लागले. दिवाळीच्या आधी मशिनं देखभालीसाठी तीन दिवस बंद असायची. तेवढ्यात कँटीनमधली टेबलं भिंतीला लावून, सतरंज्या घालून शिबिर ठरलं. पुण्याहून एक सर आले. पांढरा सदरा, आवाज मऊ, शब्द स्वच्छ धुतलेले. नाश्त्याला कंपनीनं बिस्किटांऐवजी सीताफळांच्या पाट्या आणवल्या होत्या. अडतीस जण वर्तमानपत्रावर बिया काढत बसलेत आणि सर ‘मी कोण आहे’ हा फळा भरून लिहिलेला प्रश्न समजावतायत, हे चित्र मला आजही वासासकट आठवतं. सीताफळाचा वास, आणि त्यात ग्रीसचा.

मला त्या सरांची चेष्टा करायची नाही. माणूस मनापासून सांगत होता. प्रत्येकाच्या जगण्याला एक हेतू असतो, तो बाहेर नसतो, आत असतो, आणि गोंगाट थांबवल्याशिवाय तो ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. वीस मिनिटं. प्रेस बंद होत्या. तो कारखाना इतका शांत मी कधी अनुभवला नव्हता. छतावर कबुतर चाललं तरी नखं ऐकू येत होती.

वीस मिनिटांनी सरांनी विचारलं, “आत काय ऐकू आलं? मोकळेपणानं सांगा.”

मग हबीबचाचांनी हात वर केला. चाचा जुन्या शहरातले, चौदा वर्षं प्रेसवर, शेडमधले सगळ्यांत जुने. त्यांना प्रश्न शेजाऱ्यानं खुणेनं सांगावा लागला होता.

“सीटी बजती, सर. बारीक. बंदच नई होती.”

सरांचा चेहरा उजळला. आणखी कुणाला? एक हात वर झाला, मग दुसरा. मोजले तर प्रेस शॉपचे अकरा. कुणाला शिट्टी, कुणाला रातकिडा, कुणाला टेलिफोनच्या तारेसारखं. सर सतरंजीवरून उठून उभे राहिले. म्हणाले, साधकांना जो अनाहत नाद वर्षानुवर्षांच्या साधनेनं ऐकू येतो, तो तुम्हा श्रमिकांना वीस मिनिटांत ऐकू आला; श्रम हीच तुमची साधना. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. दुसऱ्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “चाचा, तुम्ही तर सिद्धपुरुष निघाले.” चाचांना ते खुणांनी समजावलं, तेव्हा म्हणाले, “ये जाके मेरी बीवी कू बोल बाबा. वो तो मेरे कू बहरा बोलती.”

सगळे हसले. भानुदास तेवढा हसला नाही.

भानुदास गंगापूरकडचा. घरी कपाशी, भावांत वाटून उरलेली थोडी. तीन वर्षं टेंपररी होता. सात-आठ महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा हजर. उंच, किंचित वाकून उभा राहायचा, चाचांच्या शेजारच्या प्रेसवर. चाचांना कुणी मागून हाक मारली तर त्यांच्या खांद्याला हात लावून वळवण्याचं काम त्याचं. त्यानं सरांना एवढंच विचारलं, “सर, हा नाद घरी गेल्यावर बंद कसा करायचा? झोप लागत नाय.” सर म्हणाले, बंद करू नका, त्याच्यात विलीन व्हा. भानुदास खाली बसला.

शेवटी प्रत्येकाला एक कागद आणि एक खाकी पाकीट मिळालं. कागदावर आपल्या जगण्याचा हेतू लिहायचा, पाकीट चिकटवायचं, वर नाव घालायचं. कुणी वाचणार नाही, सरांनी शब्द दिला. सहा महिन्यांनी ज्याचं त्याला परत. तोवर पाकिटं पर्सोनेलच्या कपाटात, किल्ली माझ्याकडं. कागद मलाही दिला होता. मी लिहिलं, ‘संस्थेच्या प्रगतीत स्वतःची प्रगती साधणे.’ लिहिताना एकदाही थांबलो नाही, यावरून काय ते समजावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या विभागाचे साहेब माझ्या टेबलाशी आले. दिवाळीनंतर टेंपररींतले अकरा जण पर्मनंट करायचे होते.

“ती पाकिटं तुझ्याकडंच ना?”

“हो साहेब.”

“सगळं वाचत बसू नको. कोण टिकणारा, कोण डोकं वर काढणारा, एवढं बघ. चिकटवता येतील पुन्हा?”

मी म्हणालो, “येतील.”

हा शब्द मी फार वेळा उलटून पालटून पाहिला आहे. ‘बघतो’ म्हणता आलं असतं. ‘सरांनी शब्द दिलाय’ म्हणता आलं असतं. साहेब फार तर चिडले असते, माणूस वाईट नव्हता. पण त्यांनी विचारलं जमेल का, आणि मला आवडलं की ते मला जमतं. सगळे जेवायला गेल्यावर मी हीटरवर किटली ठेवली. डिंक वाफेनं सहज सुटतो. आणि खरं सांगायचं तर मला मजा आली. कुणी लिहिलं होतं, मोटारसायकल. कुणी लिहिलं होतं, आईचा मोतीबिंदू. एकानं नुसतीच सही केली होती. बहुतेकांनी माझ्यासारखंच कंपनीला गोड वाटेल ते लिहिलं होतं. म्हणजे सरांच्या शब्दावर विश्वास न ठेवणारा मी एकटाच नव्हतो.

भानुदासनं ठेवला होता. त्याचा कागद असा होता:

‘सर म्हणले आतला आवाज ऐका. मला शिट्टी ऐकू आली. हबीबचाचालाबी तीच येते आणि तो माझ्याआधी अकरा वर्षं लागला. जे प्रेसवर नायत त्यांना कुणालाच आली नाय. म्हणजे ही देवाची नाय, मशिनीची हाये. चाचाला त्याच्या नातीची हाक येत नाय. ती पदर ओढल्यागत शर्ट ओढती. माझ्यानंतर जो कोणी या मशिनीवर उभा राहील त्याला घरच्यांची हाक ऐकू आली पाहिजे. हे काम मी करीन. कसं ते अजून माहीत नाय.’

अडतीस कागदांत हेतू म्हणावा असा हा एकच. मला तेव्हाच कळलं. कळलं नाही असं म्हणण्याचीही सोय मला नाही. मी तो दोनदा वाचला, आणि मग यादीत भानुदासच्या नावापुढं लिहिलं, ‘प्रश्न उपस्थित करण्याची प्रवृत्ती.’ साहेब यादी वाचून म्हणाले, “बरं लिहितोस तू.” पुढच्या वर्षी मी कारकुनावरून सहायक अधिकारी झालो.

दिवाळीनंतर बोर्डावर यादी लागली. भानुदास खिडकीत आला.

“साहेब, टायपात माझं नाव ऱ्हायलं का?”

“नाही. यादी वरून आलीये.”

“वरून म्हंजे?”

“वरून म्हणजे वरून.”

त्यानं मान वर करून बघितलं. “वर तर पत्रे हायेत,” म्हणाला, आणि हसला. मीही हसलो. मग तो आत शेडमध्ये गेला, चाचांच्या खांद्याला हात लावला, हातांनीच काहीतरी सांगितलं, आणि गेटमधून निघून गेला. सहा महिन्यांनी पाकिटं वाटली तेव्हा त्याचं घ्यायला कुणी नव्हतं. नियमानं ते फाडायला हवं होतं. मी घरी आणलं, आणि माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या प्लास्टिकमध्ये ठेवलं. का आणलं, याचं आजही जे उत्तर आहे ते फार सरळ नाही.

स्वतःत डोकावणं हा शब्दप्रयोग मी हल्ली जपून वापरतो. पुढं मी तो नाद पुष्कळ केला. पहाटे उठून वही लिहिली. आपले गुण एका बाजूला, दोष एका बाजूला, असे तक्ते केले. चाळिशीत दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला जाऊन बसलो. बाकीचे तक्रार करत होते की आत फार गोंगाट आहे. माझ्या आत काहीच वाजत नव्हतं. कान शाबूत होते. ते खिडकीतल्या खुर्चीनं शाबूत ठेवले होते. त्या स्वच्छ शांततेत चौथ्या दिवशी मला अक्षर दिसलं. मोठं, उजवीकडं कललेलं, ‘शिट्टी’तली वेलांटी ओळीच्या वर गेलेली. दुसरं काही दिसलं नाही. उरलेले सहा दिवस मी तेच वाचत बसलो.

तोवर मी कारखाना बदलून वाळूजला गेलो होतो, प्रशिक्षण आणि सुरक्षेच्या कामावर. मौनातून परतल्यावर पहिल्यांदा तिथल्या प्रेस शॉपमध्ये पूर्ण पाळी उभा राहिलो. मग कानात घालायच्या बोंड्या मागवल्या. कामगारांनी त्या खिशात घातल्या, काहींनी पोरांना खेळायला नेल्या. “साहेब, बोंडी घातली की मशिनीचा मूड कळत नाय,” असं एक जण म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं. हे लोक आवाजावरून डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, बिघडल्याचं ओळखतात. ते समजून घ्यायला दोन वर्षं गेली. मग प्रेसखाली रबर आलं, मशिनांभोवती झाकणं आली, वर्षातून एकदा कान तपासणारी गाडी गेटवर उभी राहू लागली. एका कारखान्याचं बघून दुसऱ्यानं बोलावलं. मी तरुण पोरांपुढं उभा राहून सांगू लागलो, मशीन बंद करून पाच मिनिटं गप्प बसा, आणि काही वाजलं तर मला येऊन सांगा. तो नाद नसतो, तो इशारा असतो. मला ते काम आवडतं. सकाळी उठून जावंसं वाटतं असं माझ्या आयुष्यात तेवढंच आहे.

एकदा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि एका मुलीचा प्रश्न, “सर, तुम्हाला तुमच्या जीवनाचा हेतू कसा सापडला?” मी म्हणालो, “एका शिबिरात. आत्मचिंतनातून.” टाळ्या पडल्या. शिबिर खरं होतं. चिंतनही खोटं नाही, उशिराचं असलं तरी. फक्त मला माझ्या जगण्याचा हेतू दुसऱ्याच्या पाकिटात सापडला, आणि तो घेताना मी त्याच्या धन्याला गेटबाहेर काढलं, एवढं सांगायचं राहिलं.

कधी वाटतं, काम तर झालं ना. भानुदासनं लिहिलं होतं तसंच झालं, हात माझे लागले म्हणून काय बिघडलं. दिवसा हा विचार पुष्कळ चालतो, यंत्रावर तेल पडल्यासारखा. मग आठवतं की कागदावर ‘हे काम व्हावं’ असं नाही. ‘हे काम मी करीन’ असं आहे.

गेल्या वर्षी, याच दिवसांत, तो मला भेटला. मध्यवर्ती बसस्थानकावर मी पैठणच्या गाडीची वाट बघत होतो. तिथल्या एका कारखान्यात भाषण होतं. बाकावर बसलेल्या माणसानं माझ्याकडं बघून स्वतःच्या कानाची पाळी ओढली. मला ओळखायला तेवढं पुरलं.

“ओ पर्सनल,” तो म्हणाला. मोठ्यानं, कमी ऐकणारी माणसं बोलतात तसं. आजूबाजूचे वळले. केस पांढरे, वाकणं थोडं वाढलेलं. “बसा की. डाव्या अंगाला बसा, उजवा गेला माझा.”

“कधी?”

“तुमच्याकडून सुटलो, मंग ठेकेदाराकडं लागलो. प्रेसवरच. तेच येत होतं ना. नऊ वर्षं केली.” तो हे तक्रारीनं सांगत नव्हता. आता शेती बघतो, मुलगी गंगापूरला कॉलेजात आहे, चाचा वारले, सगळं सांगितलं. मग अंगठा ओठाला लावून विचारलं. मी दोन चहा आणले.

आणि चहा घेऊन मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो.

चुकून नाही. डावी बाजू रिकामी होती, मी तिथूनच उठून गेलो होतो. कप त्याच्या हातात दिला, वळसा घालून उजवीकडं बसलो, समोर फलाटाकडं तोंड केलं आणि सगळं सांगितलं. किटली, पाकीट, यादी, माझं वाक्य, घरी आणून ठेवलेला कागद. नीट, क्रमानं, काही न गाळता. समोर एक गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. तो चहा फुंकत होता आणि मधूनमधून मान हलवत होता, “व्हय, व्हय.” ऐकू न येणारी माणसं बोलणाऱ्याचा मान ठेवायला हलवतात तशी. बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं. हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज त्या हलकं वाटण्याची वाटते.

गाडी गेली. तो माझ्याकडं वळला. “काय म्हणलात?”

“म्हटलं, यंदा सीताफळ चांगलं आहे.”

“लई चांगलंय,” तो म्हणाला. “पाऊस येळेवर झाला ना.” मग माझ्या गळ्यातलं सुरक्षा प्रशिक्षणाचं ओळखपत्र त्यानं हातात धरून वाचलं, एकेक अक्षर लावत. “कानाचं काम करता म्हणं तुम्ही. आमच्या गावचा एक जण वाळूजला हाये, त्यानं सांगितलं. चांगलं काम हाये साहेब. कुणीतरी करायला पायजे व्हतं.”

गंगापूरची गाडी लागली. तो उठला, पिशवी खांद्याला अडकवली आणि दारातून पुन्हा एकदा हात केला. मोबाइल नंबर मी मागितला नाही. गावाचं नाव मला माहीत आहे. त्याच्या जुन्या अर्जावर होतं, आणि ते मी कधी विसरलो नाही.

हा लेख तो वाचेल न वाचेल. वाचला तरी त्यानं माझं काही फिटत नाही. इथं मी पुन्हा समोर बघूनच बोलतो आहे. मी भानुदासचं जे देणं लागतो ते असं: त्याच्या गावी जायचं, त्याच्या डाव्या बाजूला बसायचं, त्याला माझे ओठ दिसतील असं तोंड वळवून, त्याची नोकरी कुणी आणि कशी घालवली ते सांगायचं, त्याचा कागद त्याच्या हातात द्यायचा, आणि तो जे बोलेल ते ऐकून घ्यायचं. हे अजून मी केलेलं नाही.